संरक्षणखर्चाचा हिशेब मागणे हा राष्ट्रद्रोह नव्हे

इ.स. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना पुण्याची सत्ता मिळवून देण्याच्या मिषाने मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून मावळात आली. सैनिक सुमारे चार हजार. आणि त्यांच्या तोफा, दारूगोळा, तंबू व खाण्यापिण्याचे सामान वाहण्यासाठी बैल एकोणीस हजार! मोहिमेचे निर्णय एका सेनापतीने नव्हे, तर तिघांच्या समितीने घ्यायचे होते. ही फौज दिवसाला मैलभरही पुढे सरकेना. कार्ल्याजवळ तिचा धाडसी कप्तान स्टुअर्ट पडला. त्याच्या शौर्यावर खूश होऊन मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ हे नाव दिले होते. तळेगावला पोहोचावे, तर मराठ्यांनी आसपासचा मुलूख उजाड करून ठेवलेला. अखेर एका रात्री इंग्रजांनी आपल्या अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, साठा पेटवून दिला आणि माघार घेतली. पुढे वडगावला महादजी शिंद्यांसमोर त्यांना जो तह लिहून द्यावा लागला, तो मावळातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो.

या प्रसंगातील पराक्रम आपण आवडीने सांगतो आणि तो सांगितलाच पाहिजे. परंतु त्यातील हिशेबाकडे आपले लक्ष जात नाही. तळ्यात गेलेल्या त्या तोफा स्वस्त नव्हत्या. पैसा ओतला गेला होता, सामग्रीला तोटा नव्हता. उणीव होती ती वेळेवर निर्णय घेणाऱ्या एका डोक्याची. शस्त्र महाग आहे म्हणून ते उपयोगी पडतेच असे नाही, हे तळेगावच्या तळ्याने अडीचशे वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.

आज हाच मावळ देशाच्या शस्त्रसज्जतेचा एक आधार आहे. तळेगावच्या लार्सन अँड टुब्रोच्या संकुलात ‘पिनाक’ अग्निबाणांचे प्रक्षेपक तयार होतात. देहूरोडला आयुध निर्माणी आहे. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’वर नौदलाचे अभियंते घडतात. पिनाकची संकल्पना जिथे आकाराला आली, ती पाषाणची शस्त्रास्त्र संशोधन संस्था इथून तासाभराच्या अंतरावर. अशा परिसरातील माणसाला शस्त्रांच्या किमतीविषयी बोलण्याचा अधिकार नसेल, तर तो कोणाला असावा?

परंतु हा विषय काढला की आपल्याच घरातून, आपल्याच बैठकीतून एक उत्तर येते : “देशाच्या रक्षणाला किंमत नसते. सैन्याला लागेल ते द्यावे, हिशेब कसला मागता?” हे बोलणाऱ्याच्या निष्ठेबद्दल शंका नाही. तरीही हे वाक्य घातक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. कारण ते सैनिकाच्या बाजूने उच्चारले जाते आणि उपयोगी पडते मात्र दिरंगाई करणाऱ्या कचेरीला, भाव वाढवून मागणाऱ्या परदेशी विक्रेत्याला आणि वेळापत्रक कोलमडूनही मान ताठ ठेवणाऱ्या कारखान्याला. रक्षणाला किंमत नसेलही. शस्त्राला असते, आणि ती आपण मोजतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. त्यातील वेतन, निवृत्तिवेतन व नित्याचा खर्च वजा जाता नव्या शस्त्रसामग्रीसाठी आणि इतर भांडवली कामांसाठी उरले १ लाख ८० हजार कोटी. या मर्यादित रकमेतून एका जहाजावर दुप्पट खर्च झाला, की त्याची भरपाई दुसऱ्या कोणत्या तरी तुकडीच्या न आलेल्या तोफांतून होते. खर्चवाढीचा बोजा अखेर सीमेवरच्या जवानाच्याच खांद्यावर पडतो. मग त्याचा कैवारी कोण? हिशेब मागणारा की हिशेब नको म्हणणारा?

‘ॲडमिरल गोर्शकोव्ह’चे प्रकरण बहुतेकांना नावाने ठाऊक आहे. तपशील मात्र विस्मरणात गेला आहे. जानेवारी २००४ मध्ये रशियाशी करार झाला. ही जुनी विमानवाहू नौका दुरुस्त करून, नव्याने सजवून २००८ च्या ऑगस्टमध्ये द्यायची होती. या कामाची किंमत ठरली होती ९७ कोटी ४० लाख डॉलर. २००७ मध्ये रशियाने हात वर केले आणि आणखी १२० कोटी डॉलरच्या घरात रक्कम मागितली. सांगण्यात आले, की काम वाटले त्याहून कितीतरी अधिक निघाले. नौकेची विद्युतवाहिन्यांची सारी जाळी बदलावी लागत होती. आता, जुने घर विकत घेणारा आपल्यातला साधा कारकूनसुद्धा भिंतीतली ओल, वायरिंग आणि पाण्याचे नळ पाहूनच इसारा देतो. इथे अब्जावधींचा सौदा झाला आणि जहाजाच्या पोटात काय आहे याचा अंदाज सही झाल्यावर आला. तोवर बरीच रक्कम देऊन झाली होती. मागे फिरावे तर पैसा गेला, पुढे जावे तर विक्रेता म्हणेल तो भाव. मार्च २०१० मध्ये आपण सुमारे २३५ कोटी डॉलरला मान्यता दिली, म्हणजे मूळ रकमेच्या जवळजवळ अडीचपट. त्यापूर्वीच, २००९ मध्ये, महालेखापरीक्षकांनी ठपका ठेवला होता की ही जुनी नौका नव्या नौकेपेक्षा ६० टक्क्यांनी महाग पडते आणि तिचे आयुष्य मात्र निम्मे आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरे काय! २०१२ च्या चाचण्यांत तिचे बाष्पक बिघडले आणि आणखी एक वर्ष गेले. अखेर नोव्हेंबर २०१३ मध्ये ती ‘विक्रमादित्य’ या नावाने आपल्या नौदलात दाखल झाली.

या करारावर सही झाली तेव्हा दिल्लीत वाजपेयींचे सरकार होते. वाढीव किमतीला मान्यता मिळाली तेव्हा मनमोहनसिंगांचे. हे मुद्दाम नोंदवितो, कारण खर्चवाढ ही एका पक्षाची मिरास आहे असे समजून प्रतिपक्षावर दगड भिरकावण्याची आपल्याला सवय लागली आहे. विक्रमादित्य कारवारच्या तळावर उभी आहे, ती आपल्या कामाची आहे आणि तिच्यावरील नौसैनिकांचा आपल्याला अभिमान आहे. परंतु अभिमानाने पावती फाडून टाकता येत नाही.

कोणी म्हणेल, हा परदेशी विक्रेत्याचा लबाडपणा. स्वदेशी बांधणी केली की प्रश्न मिटेल. स्वदेशीचा आग्रह आम्हीही धरतो. पण भाबडेपणाने नव्हे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेलेल्या युद्धनौकांविषयी महालेखापरीक्षकांनी २०१०-११ च्या सुमारास जो अहवाल दिला, तो प्रत्येक स्वदेशीप्रेमीने वाचावा असा आहे. ‘शिवालिक’ वर्गाच्या तीन नौकांचा मंजूर खर्च २,२५० कोटी रुपये, तो गेला ८,१०१ कोटींवर. ‘कोलकाता’ वर्गाच्या तीन विनाशिकांचा ३,५८० कोटी, तो गेला ११,६६२ कोटींवर. तिप्पट, साडेतीनपट! यात कोणी पेट्या भरून पैसे नेले असे अहवाल म्हणत नाही. कारण त्याहून साधे होते आणि म्हणूनच अधिक चीड आणणारे होते. आराखडा पक्का होण्याआधी पोलाद कापायला घेतले गेले. बांधणी चालू असताना शस्त्रे आणि संवेदक बदलत गेले. करार ‘प्रत्यक्ष खर्च अधिक नफा’ या तत्त्वावर. म्हणजे जितका विलंब तितका खर्च आणि खर्च कितीही झाला तरी गोदीला तोशीस नाही. घर बांधणाऱ्या गवंड्याशी आपण कोणी असा करार करू काय?

आता याच गोदीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तो अन्याय होईल. ‘आयएनएस कोलकाता’चा कणा सप्टेंबर २००३ मध्ये बसविला गेला आणि ती ऑगस्ट २०१४ मध्ये नौदलात आली. जवळजवळ अकरा वर्षे! तिच्या पुढच्या वर्गातील ‘आयएनएस सुरत’चा कणा नोव्हेंबर २०१९ मध्ये बसविला आणि १५ जानेवारी २०२५ रोजी ती मुंबईत नौदलाच्या सेवेत रुजू झाली. सव्वापाच वर्षे, आणि तीही महासाथीचा काळ धरून. कामगार त्याच मुंबईचे, गोदी तीच. फरक पडला तो कशाने? पुढच्या वर्गासाठी नौकेचा मूळ देह मागच्याच वर्गाचा ठेवला, दर वेळी नवे चित्र काढण्याचा मोह आवरला आणि हात बसलेल्या माणसांना सलग काम मिळाले. अनुभवाने शहाणपण येते हे खरे, पण त्या शहाणपणाची आपण मोजलेली शिकवणी फी मात्र कोणी विचारू नये अशी अपेक्षा असते.

शस्त्रखरेदीतली खर्चवाढ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दलाली येते, ती बोफोर्सची देणगी. १९८६ च्या मार्चमध्ये झालेला तो १,४३७ कोटींचा करार, त्यातील ६४ कोटींची कथित दलाली, त्यावर पडलेले सरकार, वर्षानुवर्षे चाललेले खटले. लाच घेणारा शिक्षा भोगतो की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण देशाने त्याहून मोठी किंमत मोजली ती भयापोटी. त्या प्रकरणानंतर सही करायला हात धजेनात. पुढची तीस वर्षे भारतीय तोफखान्याला परदेशातून एकही नवी हॉवित्झर मिळाली नाही. एम-७७७ चा करार झाला तो नोव्हेंबर २०१६ मध्ये. मधल्या काळात कारगिल घडले आणि तिथे त्याच बोफोर्स तोफांनी शत्रूची ठाणी फोडली. माझगावच्या ‘कलवरी’ वर्गाच्या पाणबुड्यांचे असेच. २००५ मध्ये १८,७९८ कोटींचा करार, २०१० मध्ये तो २३,५६२ कोटींचा झाला. पहिली पाणबुडी पाच वर्षे उशिरा, डिसेंबर २०१७ मध्ये आली, आणि तिच्यासाठी निवडलेल्या नव्या पाणतीरांची खरेदी दुसऱ्याच एका घोटाळ्याच्या सावटामुळे २०१६ मध्ये गुंडाळावी लागली होती. भ्रष्टाचार रोखायचा म्हणून दुकानच बंद ठेवायचे, ही नीती नव्हे. ती फक्त फाइलवरची सुरक्षितता आहे. निर्णय न घेणाऱ्याची चौकशी होत नाही, हे आपल्या नोकरशाहीला फार लवकर उमगते.

तेव्हा विलंब आणि खर्च या दोन गोष्टी वेगळ्या मानणे सोडले पाहिजे. विलंब म्हणजेच खर्च. आमच्या मावळात हे शिकवायला अर्थशास्त्री लागत नाही. एखादा लघुउद्योजक संरक्षणाच्या कामासाठी कर्ज काढून यंत्र घेतो, चार माणसे तयार करतो, सैन्याच्या गुणवत्ता तपासणीत उतरणारा भाग बनवू लागतो. मागणी पूर्ण होते आणि पुढच्या मागणीची फाइल दिल्लीत फिरत राहते. बँकेचा हप्ता मात्र फिरत नाही. तो दरमहा दारात उभा असतो. वर्ष-दीड वर्षात ती चार माणसे मोटारींच्या कारखान्यात जातात, यंत्र दुसऱ्या कामाला लागते. मग अचानक मोठी मागणी येते, आणि पुन्हा नवी माणसे, नवी तपासणी, नवा भाव. किंमत वाढली म्हणून दिल्लीत भुवया उंचावतात!

मोठ्या प्रमाणावर हेच ‘के-९ वज्र’ तोफांच्या बाबतीत झाले. मे २०१७ मध्ये शंभर तोफांची मागणी नोंदवली गेली, सुमारे साडेचार हजार कोटींची. गुजरातेत हजिऱ्याला नवी उत्पादनरेषा उभी राहिली आणि शेवटची तोफ फेब्रुवारी २०२१ मध्ये, वेळेच्या आधी, सैन्याला मिळाली. आपल्या शस्त्रनिर्मितीत ‘वेळेच्या आधी’ हे शब्द किती दुर्मीळ! त्याच वेळी गलवानच्या संघर्षानंतर लडाखमध्ये याच तोफा चढविल्या जात होत्या. म्हणजे गरज डोळ्यांसमोर होती, कारखाना सज्ज होता. तरी पुढचा करार झाला तो डिसेंबर २०२४ मध्ये, ७,६२९ कोटींना. नव्या तोफांत थंड पर्वतीय प्रदेशासाठी सुधारणा आहेत आणि मधल्या काळात महागाईही झाली, हे मान्य. परंतु पावणेचार वर्षे रिकाम्या राहिलेल्या उत्पादनरेषेचा वाटा त्या आकड्यात किती, हे कोणी काढून सांगितले आहे काय? ते काढण्याची जबाबदारी तरी कोणावर आहे?

पिनाकचाही इतिहास पाहा. १९८६ मध्ये सुमारे साडेसव्वीस कोटींचा प्रकल्प मंजूर झाला, तो १९९२ मध्ये संपायचा होता. कारगिलच्या युद्धात त्याने चुणूक दाखविली, आणि खासगी उद्योगाला प्रक्षेपकांची पहिली मोठी मागणी मिळाली मार्च २००६ मध्ये. त्यानंतर २०२० च्या ऑगस्टमध्ये सहा रेजिमेंटसाठी २,५८० कोटींचा, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दारूगोळ्यासाठी १० हजार कोटींहून अधिक रकमेचा करार झाला. मागणी सलग राहिली तर अशा उत्पादनाची किंमत खाली येते. तुटक राहिली तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात. संशोधकांची बुद्धी आणि कारागिरांचा हात हे गोदामात ठेवून हवे तेव्हा काढता येणारे जिन्नस नव्हेत.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात सांगितले आहे की आरमाराचा खर्च मुलखाच्या महसुलातून नेमून द्यावा, अनिश्चित मिळकतीवर सोडू नये. जहाजासाठी लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. झाड जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन ते घ्यावे. तीन शतकांपूर्वीचा एक मराठी मुत्सद्दी निधीची शाश्वती आणि पुरवठादाराचे समाधान या दोन्हींचा विचार करीत होता. आणि आपण? २००४ च्या हंगामी अर्थसंकल्पात जसवंतसिंगांनी वर्षअखेरीस न संपणाऱ्या २५ हजार कोटींच्या संरक्षण आधुनिकीकरण निधीची घोषणा केली. सरकार बदलले, निधी कागदावर राहिला. पुढे पंधराव्या वित्त आयोगाने तीच कल्पना पुन्हा मांडली आणि ती ‘तत्त्वतः’ स्वीकारली गेली. शासकीय मराठीत ‘तत्त्वतः’ या शब्दाचा अर्थ काय होतो, हे वाचकांना सांगणे नको. मार्चअखेर भांडवली रक्कम परत करायची आणि एप्रिलमध्ये पैसा नाही म्हणून रडायचे, हा खेळ आपण कित्येक वर्षे पाहिला आहे.

सुधारणा झाल्याच नाहीत असे नाही. कारगिलनंतर २००२ मध्ये पहिली संरक्षण खरेदी कार्यपद्धती आली, ती सुधारत २०२० च्या नव्या संहितेपर्यंत पोहोचली. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी आपल्या पुण्याच्या लेफ्टनंट जनरल शेकटकरांच्या अध्यक्षतेखाली खर्चाच्या फेरमांडणीसाठी समिती नेमली; तिच्या ९९ शिफारशींपैकी ६५ ची अंमलबजावणी २०१७ मध्ये मान्य झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या गेल्या आणि त्यातील दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आले. हे सारे स्वागतार्ह. परंतु कार्यपद्धतीची पुस्तके जाड झाली म्हणून खर्च आटोक्यात येत नाही. सर्वांत स्वस्त निविदाच निवडण्याचा हट्ट धरायचा आणि पुढची तीस वर्षे सुट्या भागांसाठी पदोपदी नाडले जायचे, हा रोग पुस्तकाने बरा होत नाही. त्यासाठी किंमत काढण्याचे शास्त्र जाणणारी, एकाच खुर्चीवर पुरेशी वर्षे टिकणारी माणसे लागतात. आज खरेदीच्या मेजावर आपला अधिकारी दोन-तीन वर्षांसाठी येतो. समोर बसलेला विक्रेता आयुष्यभर तोच धंदा करीत आलेला असतो.

आणि लागतो एक कायदा. अमेरिकेने १९८०च्या दशकाच्या प्रारंभी असा कायदा केला. तो मांडणाऱ्या दोन लोकप्रतिनिधींच्या नावांनी, नन-मॅकर्डी म्हणून, तो ओळखला जातो. एखाद्या शस्त्राची प्रतिनगामागे किंमत चालू अंदाजापेक्षा १५ टक्क्यांनी वाढली की संसदेला कळवायचे. २५ टक्क्यांवर गेली की तो प्रकल्प रद्द झाला असे गृहीत धरायचे. चालू ठेवायचा असेल तर संरक्षणमंत्र्याने तो का आवश्यक आहे हे लेखी प्रमाणित करायचे. ‘सेंटिनेल’ क्षेपणास्त्राचा खर्च असाच भडकला, २०२४ च्या जानेवारीत ही मर्यादा ओलांडली गेली, आणि जुलैत तिथल्या संरक्षण खात्याला जाहीर सांगावे लागले की खर्च ८१ टक्क्यांनी वाढून १४१ अब्ज डॉलरवर जातो आहे, तरी प्रकल्प चालू राहील. म्हणजे कायद्याने तो थांबला नाही. पण लपूनही राहिला नाही. अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राची किंमत सांगितल्याने अमेरिकेची गुपिते उघडी पडली असे कोणी म्हणाले नाही.

आपल्याकडे वाढीव खर्चाला मंत्रिमंडळाची सुरक्षा समिती मान्यता देते. महालेखापरीक्षक सांगतात ते कित्येकदा नौका समुद्रात उतरल्यावर, म्हणजे वरातीमागून घोडे. २०१७ मध्ये दारूगोळ्याच्या टंचाईवरचा त्यांचा अहवाल गाजल्यानंतर संरक्षणविषयक अहवाल संकेतस्थळावर ठेवणेच थांबविले गेले. लोकसभेत संरक्षणाच्या मागण्या अनेक वर्षी चर्चेविना, गिलोटिनने एकगठ्ठा मंजूर झाल्या आहेत. तोफेचा पल्ला, पाणबुडीचा आवाज, साठ्यातील गोळ्यांची संख्या गुप्त राहावी. याबद्दल वाद नाही. पण करार किती रुपयांना झाला आणि आज तो कितीला जातो आहे, हे शत्रूला कळल्याने त्याचा काय लाभ? लाभ झालाच तर आपल्या करदात्याचा होईल.

याच तळेगावात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणसामागे वर्षाला एक पैसा मागत गावोगाव हिंडून तो निधी जमविला. लोकमान्यांचा त्याला आशीर्वाद होता. देणाऱ्यांत श्रीमंत थोडे, सामान्य अधिक. पैसा एकच, म्हणून त्याचा हिशेब ठेवू नये असे त्या पिढीला वाटले नाही, आणि विचारणाऱ्याला कोणी स्वदेशीचा वैरी ठरविले नाही. आज प्रत्येक घरातून कराच्या रूपाने संरक्षणाचा निधी जातो. तो देताना आपण कुरकुर करीत नाही, करूही नये.

संसदेच्या पुढील अधिवेशनापूर्वी मावळातील कार्यकर्त्यांनी आपल्या खासदारांकडे, तो कोणत्याही पक्षाचा असो, एक प्रश्न लेखी द्यावा : पाचशे कोटींवरील चालू शस्त्रखरेदी व युद्धनौका बांधणीच्या प्रकल्पांपैकी मूळ मंजूर किमतीच्या २५ टक्क्यांपलीकडे किती गेले, किती महिने मागे पडले आणि त्या प्रत्येकाची कारणे कोणी, कोणत्या तारखेला नोंदविली? उत्तरात शस्त्रांची नावे नसली तरी चालतील. आकडे आणि तारखा मात्र हव्यात.